चौथ्या भागापासून

जुबैलमध्ये तेव्हा थिएटर नव्हतं.
शुक्रवारची नमाज आटोपली की पारकर गाडी काढायचा
आणि आम्ही चौघं समुद्रावरच्या पुलावरून
बहारीनला जायचो, पिक्चर बघायला.
पुलाच्या मधोमध पासपोर्टवर शिक्का.
मागच्या सीटवर रोमेल, तोंड उघडं टाकून झोपलेला.

"चौथा भाग आहे," तिकिटाचे पैसे मोजताना पारकर म्हणाला,
"पयले तीन बघितलंस ना?"
मी हो म्हणालो.
का म्हणालो कुणास ठाऊक.

अंधार. एसी असा की बोटं बधिर.
पहिल्या मिनिटात तीन माणसं मेली,
दुसऱ्यात मी मोजणं सोडलं.
एका कानाने बहिरा, दाढी पिकलेला मारेकरी
हॉटेलच्या भटारखान्यातून, मासळीबाजारातून,
कुणाच्या तरी लग्नातून चालत जातो
आणि त्याच्या दोन्ही अंगांना
माणसं आडवी होत जातात, कापणीतल्या ज्वारीसारखी.

मग त्याने टेबलावर एक निळं बटण ठेवलं.
सदऱ्याला असतं तसलं, चार भोकांचं.
अख्खं थिएटर हाऽ झालं.
पुढच्या रांगेतल्या बाईने तोंडावर हात नेला,
सिबीने माझा दंड धरला.
मीही श्वास रोखला, सगळ्यांबरोबर,
बटणाकडे बघत.
"दुसऱ्या भागात काय झाला ना," पारकर कानाशी आला,
"ही जी बाई—"
आणि पडद्यावर काच फुटली.

घरीही आता असंच होतं.
फोनवर मागून कुणीतरी "भोपळा" म्हणतं
आणि सगळी खो खो हसतात.
मीही हसतो, एक सेकंद उशिरा.
ते म्हणतात, लाइनच खराब.

मध्यंतरात विचारू म्हटलं.
तिथे मध्यंतर नसतं.

मग पाठलाग परांचीवर चढला
आणि तिथे मात्र मी नवखा नव्हतो.
अकरा वर्षं मी परांच्याच तपासतोय:
हिरवा टॅग, चढा. लाल टॅग, खबरदार.
तिसऱ्या टप्प्याला कठडा नाही,
फळ्या बांधलेल्या नाहीत, शिडी हातभर तोकडी.
"यावर सही कोणी केली?"
हे मी मोठ्याने बोललो असणार,
कारण दोन रांगांतून शूऽ आलं.

मारेकरी वळला. एकच कोपर.
करड्या बनियनमधला एक जण मागे गेला,
हवेत हात, पाय, सुटलेली चप्पल,
आणि कॅमेरा काही त्याच्याबरोबर खाली गेला नाही.
वरच राहिला, बहिऱ्यापाशी.
मी खाली बघत राहिलो, पडद्याच्या कडेच्याही खाली,
जिथे नुसती भिंत होती
आणि बाहेर जायच्या दाराचा हिरवा दिवा.

अकरा मीटर असतील. अकरा मीटर मला कळतात.
आमच्या साइटवर एक पडला होता, धनकुट्याचा.
सोळा पानांचा अहवाल मी लिहिला:
वाऱ्याचा वेग, बुटाचा नंबर,
सकाळी काय खाल्लं होतं.
नाव तीनदा चुकलं,
चौथ्यांदा नीट आलं. तुलाबहादुर आंगदेंबे.

पुढचं काही मी पाहिलं नाही. डोळे उघडे होते.

परतताना पुलावर गाड्यांची ही रांग.
सिबी पाचवा भाग कधी येणार ते सांगत होता,
पारकर एका हाताने स्टिअरिंग धरून
दुसऱ्या हाताने गोळ्या झाडत होता.
मी विचारलं, "तो करड्या बनियनचा,
परांचीवरून पडला तो,
आधीच्या भागांत होता का रे?"

"कोण?" पारकर म्हणाला.
"कोण?" सिबी म्हणाला.

मागच्या सीटवर, झोपलाय असं आम्हाला वाटलेला रोमेल
डोळे न उघडता म्हणाला,
"पिवळी चप्पल. डाव्या पायाची."

खिडकीतून हात आला,
चार पासपोर्ट घेऊन गेला.
बटणाचं विचारायचं राहूनच गेलं.